चौदांपैकी पाच : डेफेरिप्रोन औषधचाचण्यांच्या प्रकाशित निष्कर्षांची चिकित्सा

प्रास्ताविक

नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झालेला आणि समीक्षकांच्या नजरेखालून गेलेला निष्कर्ष हा सिद्ध झालेलाच असतो, असा एक समज अध्यापकवर्गात खोलवर रुजलेला आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला संहितेवर शंका घेण्याची सवय असते. कादंबरीतील निवेदक विश्वासार्ह आहे किंवा नाही, हे तो प्रथम पाहतो. मात्र तोच अभ्यासक वैद्यकीय शोधनिबंधातील कोष्टक समोर आले की मान डोलावतो. वस्तुतः कोष्टकालाही निवेदक असतो. कोणाला मोजावे, कोणाला वगळावे आणि किती काळानंतर मोजावे हे तो ठरवीत असतो. थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी वापरल्या जाणाऱ्या डेफेरिप्रोन या औषधाच्या चाचण्यांचे प्रकाशित निष्कर्ष या दृष्टीने संहिता म्हणून तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या औषधाची निवड करण्यास कारणे आहेत. उत्तर अमेरिकेत थॅलेसेमिया हा दुर्मीळ आजार गणला जातो. अमेरिकेच्या १९८३ च्या कायद्यानुसार दोन लाखांहून कमी रुग्ण असलेला आजार दुर्मीळ ठरतो आणि त्यावरील औषधाला काही सवलती मिळतात. भारतात मात्र दरवर्षी हजारो मुले हा आजार घेऊन जन्माला येतात. सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत वाहकांचे प्रमाण विशेष आढळते. कर्जतहून मुंबईकडे जाणारी लोकल ज्या उल्हासनगरातून जाते, ती फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसविलेली नगरी आहे. म्हणजे टोरांटोत जो आजार दुर्मीळ, तो कल्याण-कर्जत मार्गावर परिचयाचा. शिवाय हे औषध सर्वप्रथम बाजारात आले ते भारतात. सिप्ला कंपनीने ते १९९५ पासून ‘केल्फर’ या नावाने उपलब्ध केले. अमेरिकेने त्यास मान्यता दिली ती २०११ साली. मधल्या सोळा वर्षांत या औषधाविषयी जे वादळ उठले, ते जगाला टोरांटोची कथा म्हणून ठाऊक आहे.

आजार, लोह आणि गोळी

थॅलेसेमिया मेजर या आजारात शरीर पुरेसे हिमोग्लोबिन तयार करू शकत नाही. रुग्णाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. साचलेले लोह यकृत, अंतःस्रावी ग्रंथी आणि अखेरीस हृदय निकामी करते. हे लोह काढण्यासाठी दीर्घकाळ एकच औषध होते, ते म्हणजे डेस्फेरिऑक्सामिन. ते पोटाच्या त्वचेखाली सुई टोचून, लहान पंपाच्या साहाय्याने, रात्रीचे आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री द्यावे लागते. पंपाचा आणि औषधाचा खर्च बहुसंख्य भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होता.

अशा स्थितीत तोंडाने घेता येईल अशा गोळीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. डेफेरिप्रोनचा रेणू लंडनमध्ये १९८०च्या दशकाच्या प्रारंभी तयार झाला आणि त्या दशकाच्या अखेरीपासून लंडन, टोरांटो व मुंबई येथे रुग्णांवर त्याच्या चाचण्या सुरू झाल्या.

मुंबईची संहिता

डॉ. एम. बी. अग्रवाल व त्यांच्या सहकाऱ्यांचा भारतीय चाचणीविषयीचा निबंध १९९२ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ हिमॅटॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाला. औषध लोह बाहेर काढते, हे त्यात दाखविलेले होतेच. तथापि त्याचे खरे मोल दुसऱ्या गोष्टीत आहे. सांधेदुखी आणि सांध्यांची सूज हा या औषधाचा लक्षणीय दुष्परिणाम आहे, हे या निबंधाने ठळकपणे नोंदविले. पाश्चात्त्य अहवालांत तोवर हा दुष्परिणाम इतक्या प्रमाणात पुढे आलेला नव्हता.

त्याआधी, १९९१ साली, मुंबईतीलच काही डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक पत्र प्रसिद्ध केले होते. हे औषध घेणाऱ्या एका रुग्णास ल्युपस हा आजार जडून त्याचा मृत्यू झाल्याची नोंद त्यात होती. एका रुग्णावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पुढील अभ्यासांत हा संबंध प्रस्थापितही झाला नाही. परंतु शंका छापील स्वरूपात नोंदविली गेली, ती तपासली गेली आणि बाजूला पडली, हा क्रम महत्त्वाचा आहे. चुकीची ठरलेली ही शंका आणि प्रकाशित निष्कर्षातील त्रुटी यांत फरक केला पाहिजे. पत्राने आपण किती पाहिले हे स्पष्ट सांगितले होते. एक रुग्ण, एवढेच. त्रुटी निर्माण होते ती थोडे पाहून पुष्कळ सांगितल्याने.

टोरांटो : दोन निबंध, एक करार

टोरांटोच्या बालरुग्णालयात डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी यांनी १९८९ पासून या औषधाचा अभ्यास चालविला होता. १९९३ पासून ॲपोटेक्स ही कॅनडातील औषधकंपनी त्यास अर्थसाहाय्य देऊ लागली. त्या वेळच्या करारात, कंपनीच्या संमतीखेरीज निष्कर्ष ठरावीक काळपर्यंत इतरांस कळवू नयेत, अशी अट होती. एप्रिल १९९५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने त्यांचा निबंध प्रसिद्ध केला. डेस्फेरिऑक्सामिन घेऊ न शकणाऱ्या किंवा न इच्छिणाऱ्या २१ रुग्णांच्या यकृतातील लोह गोळीमुळे कमी झाले, असा त्याचा आशय होता. निबंधाचे स्वागत झाले.

पुढील वर्षी चित्र पालटले. काही रुग्णांत औषधाचा प्रभाव टिकत नाही, असे ऑलिव्हिएरी यांना दिसू लागले. रुग्णालयाच्या नैतिकता समितीने रुग्णांना तसे कळविण्याचे निर्देश दिले. कंपनीला हा अन्वयार्थ मान्य नव्हता. २४ मे १९९६ रोजी कंपनीने टोरांटोतील चाचण्या बंद केल्या आणि माहिती उघड केल्यास कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. ऑलिव्हिएरी यांनी तरीही माहिती दिली. नंतरची वर्षे चौकश्या, निनावी पत्रे, पदावरून दूर करणे व पुन्हा नेमणे यांत गेली. २००१ साली कॅनडातील विद्यापीठ-अध्यापकांच्या संघटनेने नेमलेल्या स्वतंत्र समितीचा विस्तृत अहवाल आला आणि त्याने ऑलिव्हिएरी यांची बाजू उचलून धरली. २००५ साली आलेल्या मिरियम शुकमन यांच्या ‘द ड्रग ट्रायल’ या पुस्तकाने त्यांच्याविषयी बरीच कठोर भूमिका घेतली. रुग्णांना धोका कळविण्याचा त्यांचा हक्क, किंबहुना कर्तव्य, याविषयी आज दुमत राहण्याचे कारण नाही. परंतु कर्तव्य बजावणाऱ्या व्यक्तीचा निष्कर्षही आपोआप पक्का ठरतो काय, हा वेगळा प्रश्न आहे. दोन्ही बाजूंच्या समर्थकांनी तो वेगळा ठेवला नाही.

एका रुग्णाचे वजन

१३ ऑगस्ट १९९८ रोजी त्याच नियतकालिकात ऑलिव्हिएरी व सहकाऱ्यांचा दुसरा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात दोन आक्षेप होते. पहिला परिणामकारकतेचा. सरासरी साडेचार वर्षांहून अधिक उपचारानंतर १८ पैकी ७ रुग्णांच्या यकृतातील लोह हृदयविकार व अकालमृत्यूचा धोका दर्शविणाऱ्या पातळीपेक्षा अधिक होते. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि वाद पेटला तो यावरून. एकाहून अधिक वेळा यकृताची बायॉप्सी झालेल्या १९ रुग्णांपैकी १४ जणांचे मूल्यमापन शक्य झाले. त्यांतील ५ जणांच्या यकृतात फायब्रोसिस, म्हणजे तंतू धरून यकृत घट्ट होण्याची प्रक्रिया, वाढलेली दिसली. तुलनेसाठी घेतलेल्या डेस्फेरिऑक्सामिनच्या २० रुग्णांपैकी १२ जणांचे मूल्यमापन होऊ शकले आणि त्यांत एकाचेही फायब्रोसिस वाढलेले नव्हते. पी-मूल्य ०.०४ असे दिले आहे.

हे गणित कोणत्याही संख्याशास्त्राच्या प्राध्यापकास फळ्यावर करता येईल. १४ पैकी ५ आणि १२ पैकी ० या संख्यांना फिशरची अचूक कसोटी लावली असता ०.०४ हेच उत्तर येते. आकडेमोडीत चूक नाही. आता केवळ एका रुग्णाचा निकाल बदलून पाहावा. तुलनागटातील बारांपैकी एकाचे फायब्रोसिस वाढले असते, तर तेच मूल्य ०.१७ झाले असते. डेफेरिप्रोनच्या पाचांऐवजी चौघांतच वाढ दिसली असती, तर ते ०.१० झाले असते. शास्त्रीय जगतात ज्या ०.०५ च्या उंबरठ्यावर निष्कर्ष ‘सार्थ’ की ‘असार्थ’ हे ठरविण्याचा प्रघात आहे, त्याच्या अलीकडे-पलीकडे जाण्यास एक रुग्ण पुरेसा होता. पहिल्या गटातील पाच आणि दुसऱ्या गटातील आठ रुग्ण तर मूल्यमापनातूनच गळालेले होते. त्यांपैकी एकाचा निकाल हाती असता तर काय झाले असते, हे सांगण्याची सोय निबंधात नाही.

यात भर म्हणून रोगाचे स्वतःचे स्वरूप आहे. वारंवार रक्त घेणाऱ्या त्या काळातील अनेक रुग्णांना हिपॅटायटिस सी झालेला होता आणि तो विषाणूही फायब्रोसिस घडवितो. साचलेले लोहदेखील तेच करते. शिवाय यकृताच्या सुईएवढ्या तुकड्यावरून संपूर्ण यकृताची अवस्था ठरविताना नमुन्यागणिक फरक पडतो. औषध, विषाणू, लोह आणि सुई या चौघांपैकी दोषी कोण, हे १४ रुग्णांवरून सांगता येत नाही.

तेव्हा १९९८ च्या निबंधाची त्रुटी खोटेपणाची नव्हे. धोक्याची शंका आहे, तपास झाला पाहिजे, एवढे म्हणण्यास पाच रुग्ण पुरेसे होते, किंबहुना एकही पुरेसा होता. औषधामुळे फायब्रोसिस वाढते असे म्हणण्यास ते अपुरे होते. निबंधाच्या भाषेत ही सीमा पुसट झाली आणि निबंधाबाहेरच्या भांडणात ती पूर्णतः नाहीशी झाली. हाच निकष १९९५ च्या निबंधालाही लावला पाहिजे. २१ रुग्ण, तुलनागट नाही, आणि औषधाचा प्रभाव टिकतो की नाही हे कळण्यास अपुरा काळ. तो निबंध आशादायक होता म्हणून त्याच्या छेदाकडे कोणी फारसे पाहिले नाही. वाईट बातमीची संख्या तपासली जाते, चांगल्या बातमीची क्वचितच.

‘अभाव’ या शब्दाविषयी

उत्तरादाखल २००२ साली ‘ब्लड’ या नियतकालिकात वॅनलेस व सहकाऱ्यांचा निबंध आला. दोनदा बायॉप्सी झालेल्या ५६ रुग्णांत, सरासरी तीन वर्षांच्या उपचारात, फायब्रोसिस वाढल्याचा पुरावा आढळला नाही, असे त्यात म्हटले आहे. रुग्णसंख्या चौपट आहे, त्यामुळे त्याचे वजन अधिक, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच्या शीर्षकात ‘फायब्रोसिस वाढण्याचा अभाव’ अशा अर्थाचे शब्द आहेत. पुराव्याचा अभाव आणि अभावाचा पुरावा यांतील अंतर आपल्या न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला अनुपलब्धी या प्रमाणाच्या चर्चेतून परिचित आहे. घट दिसत नाही म्हणून तो नाही असे म्हणण्यासाठी, तो असता तर दिसला असता, हे आधी सिद्ध व्हावे लागते. दोन बायॉप्सींच्या दरम्यान औषध चालू ठेवू शकलेले रुग्णच या ५६ मध्ये आले. ज्यांनी ते सोडले, ते आले नाहीत. अभ्यासाला कंपनीचे साहाय्य होते, हेही वाचकाने जाणून असावे. तेवढ्यावरून तो फेटाळणे मात्र योग्य होणार नाही. साहाय्य कोणाचे, हा प्रश्न छेद मोजण्याची जागा घेऊ शकत नाही.

दरम्यान या औषधाचा वेगळाच गुण पुढे आला. २००६ साली पेनेल व सहकाऱ्यांनी ६१ रुग्णांची यादृच्छिक वाटपाची चाचणी प्रसिद्ध केली. हृदयातील लोह चुंबकीय प्रतिमेने मोजले असता डेफेरिप्रोनने डेस्फेरिऑक्सामिनपेक्षा अधिक सुधारणा घडविल्याचे तीत आढळले. थॅलेसेमियाचे रुग्ण प्रामुख्याने दगावतात ते हृदय निकामी होऊन. एक तप यकृतावरून भांडण चालले आणि औषधाचा विशेष निघाला हृदयात. अमेरिकेची २०११ ची मान्यताही रक्तातील फेरिटिन कमी होण्यावर, म्हणजे पर्यायी निदर्शकावर, आधारित होती. निरनिराळ्या अभ्यासांतील २३६ रुग्णांची माहिती एकत्र करून ती दिली गेली. रुग्ण अधिक काळ जगतात काय, हा प्रश्न तेथे विचारलेलाच नव्हता.

दुर्मीळ आजारांत ही अडचण पुनःपुन्हा येते. ड्युशेन या स्नायुविकारावरील एटेप्लिरसेन या औषधाची चाचणी अवघ्या १२ मुलांवर झाली होती. २०१३ च्या प्रकाशित निबंधात डिस्ट्रोफिन दर्शविणाऱ्या स्नायुतंतूंचे प्रमाण भरघोस वाढल्याचे नमूद होते. अमेरिकी औषध प्रशासनाने अधिक काटेकोर पद्धतीने मोजले, तेव्हा १८० आठवड्यांच्या उपचारानंतर डिस्ट्रोफिनचे प्रमाण सामान्याच्या सरासरी एक टक्क्याहूनही कमी भरले. २०१६ साली त्या प्रशासनातील वरिष्ठांनी हा निबंध दिशाभूल करणारा असल्याचे लेखी नोंदविले. औषधाला मान्यता मिळाली आणि निबंधही मागे घेतला गेला नाही. डेफेरिप्रोनच्या बाबतीत निदान मोजमाप खरे होते.

ठाकुरवाडीपर्यंत येणारा आकडा

येथवरची चर्चा टोरांटो व लंडनच्या पातळीवर झाली. कर्जत-खालापूरच्या वाचकाला तिचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. खालापूर तालुक्यातील पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात सिप्लाचा कारखाना आहे, एवढे नाते पुरेसे नाही. नाते दुसऱ्या बाजूने जुळते. २०२१ साली अमेरिकेने डेफेरिप्रोनची मान्यता सिकलसेल आजारातील लोहसंचयापर्यंत वाढविली. १ जुलै २०२३ रोजी भारतात राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रातील आदिवासी समाज या अभियानाच्या कक्षेत येतात. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, भोर घाटाच्या पायथ्याशी व डोंगरउतारावर, ठाकुरवाडी या नावाच्या एकाहून अधिक वस्त्या आहेत. अशा वाडीतील एखाद्या मुलास रक्तविकार निघाला, त्यास वारंवार रक्त द्यावे लागले आणि लोह काढण्यासाठी हीच गोळी हाती पडली, असे समजू. त्याच्यासाठी कोणता प्रकाशित आकडा महत्त्वाचा?

फायब्रोसिसचा नव्हे. या औषधाचा सर्वांत गंभीर सिद्ध दुष्परिणाम म्हणजे रक्तातील संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकाएकी जवळजवळ नाहीशा होणे. कोहेन व सहकाऱ्यांनी २००० साली १८७ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण आणि त्यांच्या उपचाराची वर्षे यांचा गुणाकार धरून, दर शंभर रुग्णवर्षांमागे ०.६ इतक्या प्रमाणात ही तीव्र घट झाली, तर सौम्य घट ५.४ इतक्या प्रमाणात. आकडा लहान वाटतो आणि माहितीपत्रकांतून तो लहान म्हणूनच पुढे सरकतो. परंतु या अभ्यासात प्रत्येक रुग्णाचे रक्त दर आठवड्याला तपासले जात होते आणि सौम्य घट दिसताच औषध थांबविले जात होते. म्हणजे ०.६ हा केवळ औषधाचा गुणधर्म नव्हे. औषध अधिक आठवड्याची तपासणी अधिक वेळेवर थांबविणे, या तिन्हींचा तो संयुक्त निकाल आहे. तपासणी वगळली तर त्या ५.४ पैकी किती जण खाली घसरले असते, हे त्या निबंधावरून काढता येत नाही. तसेच घट झालेल्या रुग्णाला ताप आल्यावर काही तासांत प्रतिजैविके मिळाली, तर तो वाचतो. न मिळाली तर तोच ०.६ हा मृत्यूचा आकडा होऊ शकतो.

वाडीतून कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात दर आठवड्याला येणे म्हणजे सोबत येणाऱ्या बापाची किंवा आईची दर आठवड्याला एका दिवसाची मजुरी. पावसाळ्यात, भातलावणीच्या दिवसांत, ती मजुरी सोडणे म्हणजे काय हे या परिसरातील महाविद्यालयांत शिकविणाऱ्यांना ठाऊक आहे. वर्गातली मुले त्या दिवसांत का नसतात, हे त्यांना दरवर्षी दिसते. छापील आकडा आणि वाडी यांच्यामध्ये हा प्रवासखर्च आहे. तो कोणत्याही कोष्टकात येत नाही, आणि यालाही प्रकाशित निष्कर्षातील त्रुटीच म्हटले पाहिजे. निष्कर्ष ज्या परिस्थितीत खरा आहे ती परिस्थिती पद्धतीच्या भागात बारीक अक्षरांत राहते आणि सारांशात फक्त संख्या उरते. उद्धृत होतो तो सारांश.

२००५ नंतर डेफेरासिरॉक्स ही दिवसातून एकदा घ्यावयाची दुसरी गोळी आली आणि आज अनेक ठिकाणी तीच आधी दिली जाते. तिच्यासाठी मूत्रपिंड व यकृताच्या नियमित तपासण्या लागतात, म्हणजे रुग्णालयाची वाट तिलाही चुकत नाही. भारतात २००७ साली औषधचाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि जून २००९ पासून नोंदणी बंधनकारक झाली. त्यामुळे निदान चाचणी झालीच नव्हती असे म्हणण्याची सोय राहिली नाही. गळालेल्या रुग्णांचा हिशेब मात्र नोंदवहीतून आपोआप मिळत नाही, तो निबंधातच द्यावा लागतो.

डेफेरिप्रोनच्या मराठी माहितीपत्रकाचा मसुदा कधी एखाद्या महाविद्यालयाच्या भाषाविभागाकडे भाषांतरासाठी आला, तर त्यात टक्केवारीच्या आधी एक वाक्य असावे : ताप आला किंवा घसा दुखू लागला तर गोळी त्याच क्षणी थांबवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रक्तातील पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. त्याच्या खाली, कर्जत किंवा खालापूरमध्ये ही मोजणी रविवारी व सणाच्या दिवशी कोठे होते, हेही लिहिलेले असावे.